टाचदुखी आणि मापाचे तळवे
बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या घरात कोटा फरशीवर अनवाणी वावरण्याची जुनी सवय. त्यामुळे सकाळी पलंगावरून उतरताच टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येऊ लागली, तेव्हा ती मी वयावर ढकलली. बुटात घालायच्या मऊ जेलच्या तयार गाद्यांनी काही साधले नाही. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जाणारा तळव्याचा जाड पट्टा दुखावल्याचे तपासणीत कळले. फोमच्या पेटीत पाय दाबून घेतलेल्या ठशावरून पायाच्या कमानीला आधार देणारे, बुटांच्या आत बसणारे तळवे बनवून मिळाले. पहिल्या दिवशी ते तासभरच वापरायचे होते. डावा टोचत होता, म्हणून एकदा घासून घ्यावा लागला. पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम मी चुकवला नाही. ३ महिन्यांनी सुरसागर तलावाची फेरी न थांबता पूर्ण झाली. आता घरातही पायात चपला असतात. आईला ते अजून पटलेले नाही.