मिस्टी फ्योर्ड्स: बोटीने जावं की विमानाने?

अलास्काला जाऊन आलेले आपल्याकडचे बहुतेक लोक क्रूझच्या डेकवरचे फोटो दाखवतात. केचिकन या बंदराच्या गावात चार तास थांबतात, टोटेमच्या (तिथल्या मूळ रहिवाशांच्या कोरीव लाकडी) खांबांपुढे उभे राहतात, चॉकलेटं घेतात, की निघाले. गावाच्या पूर्वेला मिस्टी फ्योर्ड्सचं (फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली, समुद्राचं पाणी शिरलेली खोल दरी) सुमारे 9,300 चौरस किलोमीटरचं रान पसरलंय, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून जास्त, आणि तिथे नेणारा रस्ताच नाही. जायचं तर बोटीने, नाहीतर पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने. सोसायटीतले लोक मला सारखं विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी व्हिसाचं बघा. क्रूझने गेलात तर ती बहुधा कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघते, किंवा सिअ‍ॅटलहून निघाली तरी वाटेत कॅनडाच्या बंदराला लागते. तेव्हा भारतीय पासपोर्टवर अमेरिकेबरोबर कॅनडाच्या व्हिसाचंही बुकिंगआधी विचारून घ्या. आम्ही सिअ‍ॅटलहून थेट केचिकनचं विमान धरलं, त्यामुळे ती कटकट नव्हती. शिवाय गावात राहिलं की हवा बघून दिवस बदलता येतो, क्रूझवाल्यांना ती चैन नाही.

आता मुद्द्याचं. घरात गुडघेदुखीवालं कुणी असेल तर मुकाट्याने बोट घ्या. आमच्याबरोबर सासूबाई होत्या. फ्लोटवर, म्हणजे विमानाखालच्या तरंगत्या पायावर, पाय ठेवून, अरुंद पायऱ्यांनी विमानात चढणं त्यांना झेपलंच नसतं. बोटीला चार-पाच तास लागतात, पण आत बसायला ऊब असते, बाथरूम असतं. बेहम कालवा (नावालाच कालवा, खरं तर समुद्राचा नैसर्गिक चिंचोळा पट्टा) दोन्हीकडून डोंगरांनी झाकलेला, त्यामुळे खुल्या समुद्रासारख्या लाटा सहसा नसतात. एक गोष्ट कुणी सांगत नाही: भरती-ओहोटीची वेळ बघून ठेवा. तिथे पाणी चार-साडेचार मीटर सहज खालीवर होतं, आणि ओहोटीला तरंगत्या धक्क्यावर उतरणारा रॅम्प पर्वतीच्या पायऱ्यांपेक्षा वाईट होतो. ओला असतो तो वेगळाच.

बोटीचा खरा फायदा म्हणजे न्यू एडिस्टोन रॉक जवळून दिसतो. कालव्याच्या मधोमध 72 मीटर उंच सुळका, डोक्यावर झाडं. ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरने 1793 मध्ये त्याला इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या एडिस्टोन खडकावरून नाव दिलं. हा ज्वालामुखीचा बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा दगड. पुढे रुडयार्ड बेमधल्या पंचबोल कोव्हमध्ये शिरलात की दगड बदलतो. तिथे ग्रॅनाइटची भिंत सुमारे 900 मीटर सरळ वर गेलेली. आपल्या कड्यांना थरांच्या पायऱ्या असतात, गवत धरायला जागा असते. इथे हिमनदीने सगळं तासून काढलंय. वरून धबधबे थेट समुद्रात पडतात. मान दुखेपर्यंत बघा, दुर्बीण मात्र खालच्या खडकांसाठी ठेवा: सील तिथे पडलेले असतात.

विमान महाग, आणि फेरी दीड-दोन तासांची. पण डोंगरांच्या खोबणीत लपलेली तळी बोटीतून नाही, विमानातूनच दिसतात. बहुतेक विमानं बीव्हर जातीची. त्यांचं उत्पादन 1967 मध्येच थांबलं, म्हणून घाबरू नका, ती नीट निगेत ठेवतात. आवाज प्रचंड असतो, हेडफोन देतात. वजन विचारतील, ते खरं सांगा. लग्नाच्या बायोडेटातलं नको, कारण त्यावरूनच कुणी कुठे बसायचं ते ठरतं.

पायलट समोर दिसेल त्या भरवशावर उडवतात. ढग खाली आले की फेरी रद्द, आणि त्यावर हुज्जत घालायची नाही. जून 2015 मध्ये मिस्टी फ्योर्ड्सची सैर करून परतणारं विमान ढगाळ हवेत डोंगरावर आदळलं, आतले 9 जण गेले. "एवढ्या लांबून आलोय हो" हे वाक्य तिथे कृपया वापरू नका. विमानाचं बुकिंग मुक्कामाच्या पहिल्या सकाळी करा, म्हणजे रद्द झालं तर पुढचे दिवस हाताशी राहतात. रद्द झाल्यावर पैसे कसे परत मिळतात, तेही आधीच विचारा.

पाऊस पडणारच. केचिकनला वर्षाला पुण्याच्या साधारण पाचपट पडतो, फक्त बदाबदा नाही, दिवसभर भुरभुर. मे-जून त्यातल्या त्यात कोरडे. छत्री घरी ठेवा, टोपीचा चांगला रेनकोट आणि लोकरीचे मोजे घ्या. उन्हाळ्यातही पारा 15 अंशांच्या आसपासच. आणि उघडीप मिळाली नाही म्हणून बोटीचं तिकीट रद्द करू नका, धबधबे पावसातच भरतात.

जुलै-ऑगस्टमध्ये गेलात आणि विमान उडालंच नाही, तर केचिकनमधल्या क्रीक स्ट्रीटच्या लाकडी पुलावर जाऊन उभे राहा. खालच्या ओढ्यात साल्मन मासे प्रवाहाविरुद्ध चढत असतात, आणि त्याला तिकीट लागत नाही.