पुसलेल्या हार्ड डिस्कवर विंडोज १० चढेना: माझा अनुभव

जुना बायोसवाला (बायोस म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) डेस्कटॉप. हार्ड डिस्क नव्या लॅपटॉपला लावून पुसली, परत बसवली. सेटअपमध्ये फॉरमॅट व्हायची, पण पुढे ‘जीपीटी पार्टिशन स्टाइल’चा एरर. केबल बदलली, पेनड्राइव्ह नव्याने बनवला; डोकं पार आउट. जीपीटी आणि एमबीआर म्हणजे डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती, एक नवी, एक जुनी. फॉरमॅटने जीपीटी जात नाही आणि जुन्या बायोसवर विंडोजला एमबीआरच लागतं.

सेटअपच्या पहिल्याच स्क्रीनवर शिफ्ट+एफ१० दाबा. काळ्या खिडकीत ‘डिस्कपार्ट’ (diskpart) टाइप करून एंटर, मग ‘लिस्ट डिस्क’ (list disk). आकार नीट बघा, यादीत पेनड्राइव्हही असतो! जीपीटीच्या रकान्यात चांदणी (*) दिसेल. ‘सिलेक्ट डिस्क ०’ (select disk 0; तुमचा जो नंबर असेल तो), ‘क्लीन’ (clean), ‘कन्व्हर्ट एमबीआर’ (convert mbr), दोनदा ‘एक्झिट’ (exit). मग सेटअपच्या डिस्क निवडायच्या स्क्रीनवर रिफ्रेश, रिकामी जागा निवडून नेक्स्ट. एमबीआरमध्ये २ टीबीपुढची जागा वापरता येत नाही. माझी ५०० जीबीचीच होती.