लघुस्पंद लेसर वापरताना या चुका टाळा

शक्तिमापकावर १ वॅट एवढाच आकडा दिसतो, म्हणून लेसर सौम्य आहे असे समजणे, ही लघुस्पंद लेसरच्या, म्हणजे अतिशय आखूड स्पंदांत प्रकाश सोडणाऱ्या लेसरच्या, बाबतीत सर्वांत महागात पडणारी चूक आहे. शक्तिमापक सरासरी सांगतो. सेकंदाला १,००० स्पंद देणाऱ्या १ वॅटच्या लेसरमध्ये प्रत्येक स्पंदाच्या वाट्याला १ मिलिज्यूल ऊर्जा येते आणि ती १०० फेम्टोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागात, बाहेर पडत असेल, तर त्या क्षणापुरती शक्ती १० गिगावॅटच्या घरात जाते. तोच १ वॅट सेकंदाला ८ कोटी स्पंदांत वाटला गेला, तर शिखर शक्ती जेमतेम १२५ किलोवॅट भरते. पहिला किरण साध्या भिंगाने हवेत एकवटला तरी ठिणगी उडते. दुसऱ्याने काहीच दिसत नाही. म्हणून कोणतेही भिंग किंवा आरसा किरणाच्या वाटेत ठेवण्यापूर्वी स्पंदाची ऊर्जा, त्याचा कालावधी आणि त्या जागी किरणाची रुंदी या तीन गोष्टी कागदावर मांडून पाहाव्यात.

स्पंद इतका आखूड होतो तो मोड-लॉकिंगमुळे. लेसरच्या पोकळीत, म्हणजे आतल्या आरशांमधल्या जागेत, एकाच वेळी नांदणाऱ्या असंख्य वारंवारता एका तालात बांधल्या, की त्या एका क्षणी एकमेकींना बळ देतात आणि उरलेल्या वेळी एकमेकींना खोडून काढतात. स्पंद जितका आखूड, तितका त्याचा वर्णपट रुंद असावाच लागतो. ८०० नॅनोमीटरच्या आसपास १०० फेम्टोसेकंदांच्या गाउसीय (घंटेच्या आकाराच्या) स्पंदाला किमान ९.४ नॅनोमीटर रुंदी लागते, तर १० फेम्टोसेकंदांच्या स्पंदाला साधारण ९४ नॅनोमीटर. असा स्पंद अरुंद पट्ट्याच्या गाळणीतून पाठवला, तर तो पलीकडे लांबट होऊनच निघतो.

याहून फसवी गोष्ट काचेची आहे. काचेत तांबड्या आणि निळ्या प्रकाशाचा वेग वेगळा असतो, त्यामुळे स्पंदाचा तांबडा भाग पुढे जातो, निळा मागे रेंगाळतो आणि स्पंद पसरतो. यालाच अपस्करण म्हणतात. बीके-७ या नेहमीच्या प्रकाशीय काचेच्या १० मिलिमीटर जाडीतून १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद जवळपास तसाच बाहेर येतो. १० फेम्टोसेकंदांचा स्पंद मात्र सुमारे १२५ फेम्टोसेकंदांचा होऊन निघतो. द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शकात, म्हणजे नमुन्याने एकाच वेळी दोन प्रकाशकण शोषले तरच संकेत देणाऱ्या सूक्ष्मदर्शकात, हा फटका नेमका जाणवतो. तिथे भिंगे आणि शक्ती नियंत्रित करणारे घटक मिळून ५,००० फेम्टोसेकंद-वर्ग (हे अपस्करण मोजण्याचे एकक) एवढे अपस्करण सहज साचते आणि १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद नमुन्यापर्यंत पोहोचेतो १७० फेम्टोसेकंदांचा होतो. स्पंद दुप्पट रुंद झाला, तर त्याच सरासरी शक्तीला संकेत निम्म्यावर येतो. प्रतिमा अंधुक दिसू लागल्यावर बहुतेक जण शक्ती वाढवतात आणि नमुना भाजतो. खरा उपाय म्हणजे प्रिझमची जोडी, रंग वेगळे करणारी रेघांची जाळी (ग्रेटिंग) किंवा चर्प केलेले, म्हणजे वेगवेगळे रंग वेगवेगळ्या खोलीवरून परतवणारे, आरसे वापरून उलट दिशेचे अपस्करण आधीच देणे, आणि स्पंदाची रुंदी लेसरच्या तोंडाशी न मोजता नमुन्याच्या जागी मोजणे. माहितीपत्रकातला आकडा तोंडापाशीचाच असतो, हे विसरले जाते.

मोजमापही जपून करावे लागते. फोटोडायोड आणि ऑसिलोस्कोप फेम्टोसेकंदांपर्यंत पोहोचूच शकत नाहीत. त्यांच्या पडद्यावर दिसणारी रुंदी ही त्या उपकरणांची स्वतःची असते. ऑटोकोरिलेटर स्पंदाची त्याच्याच प्रतीशी तुलना करतो, म्हणून त्याच्या आलेखाची रुंदी जशीच्या तशी घेता येत नाही. गाउसीय आकार धरल्यास तिला १.४१ ने आणि सेच-वर्ग (sech²) हा तसाच दुसरा आकार धरल्यास १.५४ ने भागावे लागते. आलेखात रुंद बैठकीवर सुईसारखे टोक दिसले, तर आनंद मानू नये. गोंधळलेल्या प्रकाशाचा लांब पुंजकाही असेच टोक दाखवतो. सोबत वर्णपट पाहिला तर शंका बरीच मिटते.

वर्णपटात रुंद टेकाडावर एखादी बारीक उभी रेघ उगवली असेल, तर काही प्रकाश स्पंदाबाहेर, अखंड चालला आहे असे समजावे. लेसरला ऊर्जा पुरवणाऱ्या पंपाची शक्ती किंचित कमी केली की ती बहुधा नाहीशी होते. मोड-लॉकिंग वारंवार तुटत असेल, तर आधी धूळ शोधावी आणि मग लेसरमध्येच परत फिरणारा किरण. पोकळीबाहेरचा एखादा सपाट पृष्ठभाग किरणाला काटकोनात असला तरी तेवढे पुरते. तो थोडा तिरका केला की काम होते.

शक्ती वाढवणाऱ्या प्रवर्धकाची गोष्ट वेगळी. १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलँड आणि जेरार मुरू यांनी स्पंद आधी ताणायचा, मग वाढवायचा आणि शेवटी दाबायचा ही पद्धत मांडली; त्यासाठी २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. पण ताणणे वर्णपटाच्या रुंदीवर अवलंबून असते. मूळ लेसरचे मोड-लॉकिंग बिघडून वर्णपट अरुंद झाला, तर स्पंद पुरेसा ताणला जात नाही आणि प्रवर्धकातले आरसे जळतात. यासाठी वर्णपटावर लक्ष ठेवून प्रवर्धक बंद करणारी यंत्रणा असते. ती सतत अडवते म्हणून निकामी करून ठेवणे हा निव्वळ आततायीपणा आहे.

फेम्टोसेकंद लेसर पदार्थ तापवतच नाही, हाही एक अर्धवट समज आहे. धातूतले इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा अणूंच्या जाळीला द्यायला काही पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे १,००० फेम्टोसेकंद) घेतात, म्हणून एकेका स्पंदाने छिद्राच्या कडेला फारसे वितळणे होत नाही. मात्र सेकंदाला दहा लाख स्पंद एकाच जागी पडले, तर उष्णता निसटण्यापूर्वीच पुढचा स्पंद येतो आणि कडा वितळतात. तिथे किरण पुढे सरकवण्याचा वेग वाढवावा. चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लॅसिक शस्त्रक्रियेतही सगळे काम याच लेसरने होते असे मानले जाते. प्रत्यक्षात फेम्टोसेकंद लेसर पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, झडप कापतो आणि वक्रता बदलण्याचे काम १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर हा अतिनील लेसर करतो.

डोळ्यांच्या बाबतीत तडजोड नको. ८०० नॅनोमीटरचा किरण अंधुक तांबडा दिसतो, आणि पापणी मिटायला लागणाऱ्या पाव सेकंदात ८ कोटी स्पंदांच्या लेसरमधून २ कोटी स्पंद येऊन जातात. चष्मा त्या तरंगलांबीचा आहे एवढे पुरत नाही. युरोपीय मानकात मोड-लॉक लेसरसाठी ‘एम’ हे वेगळे अक्षर असते, ते चष्म्यावर पाहावे. वारंवारता दुप्पट करून ४०० नॅनोमीटरचा प्रकाश तयार होत असेल, तर त्यासाठीचे संरक्षणही त्याच चष्म्यात आहे का, हे तपासावे. किरण जुळवताना शक्ती कमी करायची ती बाहेर ठेवलेल्या, किरण मंद करणाऱ्या क्षीणकाने. पंप उतरवला, तर मोड-लॉकिंगच तुटते आणि जुळवलेला किरण मग नेहमीच्या किरणासारखा राहत नाही.