टाकू की नको? हौशी वादक-गायकांनो, आधी या चुका टाळा

रात्री साडेअकराला मेसेज येतो. एक क्लिप, आणि खाली एकच ओळ : "खरं सांगा, टाकू की नको?" मी ऐकतो. बरं असतं. एखादा सूर उतरलेला, एखादा श्वास भलत्या जागी घेतलेला, पण बरं असतं. तसं कळवतो. पाच मिनिटांत उत्तर येतं : "नको, राहू दे. मला नाही जमत हे." हा संवाद मी इतक्या जणांशी केलाय की आता टाइप करायचाही कंटाळा येतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

मी बासरी वाजवतो, हौशी आहे. कधीकधी गातोही. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसलोय, एवढीच माझी पात्रता.

शंकेला मिनिट-सेकंद न विचारणं

"मला नाही जमत" हे निनावी पत्र आहे. त्यावर कारवाई काय करणार? "२ मिनिटं १४ सेकंदांवर तार षड्ज (वरचा सा) चढा लागला" ही तक्रार मात्र सही-शिक्क्यानिशी आलेली असते, तिची दखल घ्यावीच लागते.

माझ्याकडे एक साधी वही आहे. पानावर तीन रकाने : वेळ, काय झालं, काय करायचं. पहिला रकाना भरता येत नसेल तर पुढचं लिहायचं नाही, हा माझा नियम. एका पानावर असं आहे :

०:४८ – पंचम उतरलेला. बासरी गार होती.
१:३१ – मुखड्यावर येताना घाई, समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधीच पोचलो.
२:१४ – तार सा चढा. फुंक जास्त.

त्याखाली "सगळंच भिकार" असंही लिहिलंय, आणि त्यावर काट मारलीय. कारण त्याची वेळ सापडेना. तीन मिनिटांच्या तुकड्यात अशा चार-पाच ओळी निघतात, फार तर सात. सात गोष्टींचा रियाज करता येतो. "सगळंच भिकार"चा रियाज कसा करायचा ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता एक कटू बोलतो. कधीकधी शंका बरोबर असते! चार महिने शिकून झाले की मंडळी विचारतात, "आत्मविश्वास कसा वाढवू?" मी विचारतो, रियाज किती? "वेळ मिळेल तसा." मग ती शंका हा आजार नाही, ती शुद्धीवर असल्याची खूण आहे. वहीत तीन मिनिटांच्या बावीस ओळी येत असतील तर तुकडा अजून कच्चा आहे. पुन्हा बसा. त्यावर आत्मविश्वासाचं औषध नको. आणि कृपा करून रिव्हर्बचंही (आवाजाला घुमारा देणाऱ्या सोयीचंही) नको. बेसूर स्वराला रिव्हर्ब दिला की तो फक्त जास्त वेळ बेसूर राहतो.

वाजवून झाल्या झाल्या ऐकणं, आणि रात्रीच निकाल लावणं

वाजवताना निम्मं लक्ष बोटांत, निम्मं श्वासात. थांबल्यावर डोक्यात उरते ती नेमकी घसरलेली जागा. लगेच ऐकायला घेतलं की आपण तुकडा ऐकतच नाही, त्या जागेची वाट बघत बसतो. ती आली की "बघ, म्हटलं नव्हतं!" आणि फाइल डिलीट.

मी फाइलला तारखेचं नाव देतो आणि दोन दिवस उघडत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, पडद्याकडे न बघता, एकदा सलग. वही दुसऱ्या वेळी. दोन दिवस का, तीन का नाहीत, असं विचारू नका. त्यामागे शास्त्र नाही, माझी खोड आहे.

गाणाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. स्वतःचा आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो : हवेतून कानात, आणि कवटीच्या हाडांतून आतल्या आत. हाडांची वाट खालचे, जाड सूर जास्त पोचवते. रेकॉर्डिंगमध्ये ती वाटच नसते, म्हणून आवाज पातळ आणि किरटा वाटतो. हॉल्झमन आणि राउसी या संशोधकांनी १९६६ मध्येच या दचकण्यावर लिहून ठेवलंय, तेव्हा तुम्ही काही जगावेगळे नाही. बाकीच्या जगाने तुमचा आवाज पहिल्यापासून तसाच ऐकलाय, आणि तरी लोक तुमच्याशी बोलतात. उपाय एकच, पुष्कळ ऐकणं. पंधरा-वीस रेकॉर्डिंगनंतर माझं दचकणं थांबलं. अजून आवडत नाही, ते सोडा.

यंत्राचं पाप स्वतःच्या माथी मारून घेणं

ही माझी लाडकी चूक, कारण तिने मला पाच आठवडे रडवलंय.

मी हौसेने ब्लूटूथ इअरफोन घेतले. पद्धत अशी : तबल्याचा ठेका कानात, बासरी फोनवर रेकॉर्ड करायची, मग ठेका आणि बासरी एकत्र जोडायची. पहिलंच रेकॉर्डिंग ऐकलं आणि पोटात गोळा आला. मी मागे पडत होतो. फार नाही, पण शेजारून कुणी रेंगाळत चालावं तसा, प्रत्येक मात्रेच्या मागून. दुसरं तसंच. दहावंही तसंच. त्याआधी माझ्या सुरांना नावं ठेवणारे भेटले होते, लयीला कुणी ठेवली नव्हती.

मग मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) काढला. ६० वर, ८० वर, १२० वर. समोर वाजवलं की चोख, रेकॉर्ड केलं की मागे. मी निष्कर्ष काढला : लाल बटण दिसलं की माझी लय जाते. हा निष्कर्ष मला इतका पटला की तो मी चारचौघांत सांगायला लागलो. "मला रेकॉर्डिंगची धास्ती आहे हो." पुढे तर जाहीर केलं की यापुढे फक्त आलाप वाजवणार, तालात पडणार नाही. आमच्यातले एक ज्येष्ठ तबलजी काका नुसते "बरं" म्हणाले. ते "बरं" मला जास्त झोंबलं.

वहीने वाचवलं. एका रविवारी मागची पानं चाळत होतो. उशीर, उशीर, उशीर. विलंबितात उशीर आणि द्रुतातही उशीर, तेवढाच. तिथे शंका आली. माणसाची चूक इतकी इमानदार नसते. माणूस थकला की रेंगाळतो, घाबरला की पळतो, आवडती जागा आली की लय विसरतो. पाच आठवडे एकाच मापाने चुकायला यंत्रच लागतं.

बासरी ठेवली. कानात ठेका लावला आणि प्रत्येक मात्रेवर नुसती टाळी वाजवून रेकॉर्ड केली. जोडून बघितलं. टाळीही मागे. वायरचे जुने इअरफोन शोधले, त्यांच्या एका कानातून खरखर यायची. तेच पुन्हा केलं. टाळी बरोब्बर मात्रेवर.

ब्लूटूथमधून आवाज कानात यायला सर्रास १५० ते २५० मिलिसेकंद जादा लागतात. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे ठेका माझ्या कानात पोचेपर्यंत जवळजवळ तिसरा हिस्सा ते निम्मी मात्रा उलटून गेलेली असे. मी कानातल्या ठेक्याशी इमान राखत होतो, तोच शिळा होता. काकांना फोन केला. ते पुन्हा "बरं" म्हणाले.

तेव्हापासून नवीन काहीही घेतलं की आधी टाळी. दोन मिनिटांचं काम आहे, पण "आधी वाजवून तर बघू" म्हणणाऱ्यांना दोन मिनिटं नसतात. पाच आठवडे असतात.

याच जातीची आणखी दोन दुखणी. फोनमधली, विशेषतः बोलण्यासाठी बनवलेल्या अॅपमधली गोंगाट कमी करण्याची सोय चालू असेल तर ती सलग, स्थिर आवाजाला गोंगाट समजते. तानपुरा लाटांसारखा येतो-जातो, लांब धरलेला स्वर मध्येच खंगतो आणि तुम्हाला वाटतं आपला दमच कमी पडला. ती सोय बंद करा. आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोयसुद्धा बंद करा. ती हळू आलाप आणि जोरकस तान एकाच उंचीला आणून ठेवते, आणि मग ऐकणारे म्हणतात "भाव नाही". दुसरं, गार बासरी. आतली हवा गार असली की सूर उतरतो. दहा अंशांच्या फरकाने जवळजवळ ३० सेंट, म्हणजे अर्धस्वराचा साधारण तिसरा हिस्सा. पहिला टेक, म्हणजे पहिलं रेकॉर्डिंग, कणसूर (किंचित बेसूर) येतो तो त्यामुळे. आधी दहा मिनिटं वाजवून बासरी तापवा, मग बटण दाबा.

चाळीस टेक

पाच. त्यापुढे नाही. सहाव्यापासून ओठ सैल पडतात आणि डोकं फक्त मागची चूक टाळत वाजवतं. चाळीस टेक घेणाऱ्यांना मी "तिसरा पाठवा" म्हणतो, बहुतेक वेळा तोच बरा निघतो.

चाळीसपर्यंत माणूस जातो कारण मनात कुठला तरी गुळगुळीत अल्बम वाजत असतो. तो अल्बम एका दमात वाजवलेला नसतो! पियानिस्ट ग्लेन गूल्डने १९६४ मध्ये मैफिली कायमच्या सोडल्या आणि पुढे स्टुडिओतच रमला. वेगवेगळ्या टेकमधले तुकडे जोडणं त्याला अजिबात कमीपणाचं वाटत नसे, उलट तो त्याची बाजू मांडायचा. १९९७ पासून तर गळ्याचा सूर सरळ करणारं ऑटो-ट्यून आहे. तुमचा एक टेक, एक फोन, मागे फिरणारा पंखा. तुलना कुणाशी चाललीय ते बघा.

आधीच माफी मागणं

"घसा बसलाय, सहज प्रयत्न केलाय, चुकलं तर सांभाळून घ्या." हे वाचलं की माझं डोकं फिरतं. ऐकणारा मोकळ्या कानाने आलेला असतो, तुम्ही त्याला चूक शोधायच्या कामाला लावता. आणि घसा बसलेला असेल तर तो उठेपर्यंत थांबा ना, कुणी तारीख दिलीय?

आपली चूक सगळ्यांना दिसतेच हा आपला भ्रम असतो. २००० साली मानसशास्त्रज्ञ गिलोविच आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांच्या तरी लक्षात आलं असेल. प्रत्यक्षात जेमतेम चौथा हिस्सा. तुमचा १:३१ चा घोळही तसाच आहे. तो वहीत जाऊ दे, मजकुरात नको. मजकुरात राग, ताल आणि कुठल्या पट्टीची बासरी, बस.

बाकीच्या चिल्लर चुका

घरच्यांना "कसं झालं?" विचारणं. "छान" म्हणतात, आणि तुम्ही विश्वास ठेवत नाही. "दुसऱ्या अंतऱ्यात लय पळते का?" असं विचारा.

किती जणांनी बघितलं यावरून सूर मोजणं. तो आकडा सुराचा नाहीच.

टाकलेलं रात्री काढून टाकणं. मी एका वर्षाची सगळी रेकॉर्डिंग अशीच उडवली. आता आपण कुठून कुठे आलो ते बघायचं म्हटलं तर त्या वर्षाचं माझ्याकडे काहीच नाही.

"शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावणं. छातीत धडधडतंय हे छातीला माहीत असतं. संशोधक अॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या अभ्यासात, गाण्याआधी "मी उत्साहात आहे" असं स्वतःशी म्हणणारे लोक "मी घाबरलोय" म्हणणाऱ्यांपेक्षा सुरात अचूक निघाले. मला तसं म्हणायला लाज वाटते, म्हणून मी दहा मिनिटं आधीच रेकॉर्डिंग चालू करून फोन पुस्तकांच्या आड ठेवतो. लाल ठिपका दिसत नाही, मीही विसरतो.

परवा पुन्हा साडेअकराला मेसेज आला. नेहमीचाच माणूस, पण ओळ वेगळी होती : "१:०६ ला निषाद कणसूर आहे, बाकी ठीक. दोन दिवस थांबून टाकतोय." मी ऐकलं. निषाद चांगलाच लागला होता. कणसूर होता तो पुढचा धैवत, १:०९ ला. तेवढं कळवलं आणि झोपलो.