थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा: निवडायच्या आधी, आणि भारतात यायचं तिकीट काढायच्या आधी

सगळ्यात आधी कागदावर लिहून काढा, वर्षातनं भारतात किती फेऱ्या होणार. लग्नं, गणपती, कुणाचं दुखणंखुपणं, बँकेची कामं, सगळं धरा आणि वर दोन फेऱ्या जास्तीच्या धरा, कारण मुंबई-बँकॉक चार-साडेचार तासांचं विमान, माणूस उठून येतोच. कुठला व्हिसा घ्यायचा ते आधी या आकड्यावर ठरवा, मग पैशावर. मी हा हिशेब केलाच नाही आणि 2024 मध्ये भाचीच्या लग्नाला आलो तेव्हा आम्हा दोघांचा वर्षभराचा मुक्काम रद्द झाला, म्हणून हे लिहितोय.

वय 50 पूर्ण हवं, पासपोर्टची मुदत भरपूर हवी, हे सांगत बसत नाही.

साध्या माणसाला खऱ्या वाटा दोनच, नॉन-ओ आणि ओ-ए हे व्हिसा. ओ-एक्स नावाचा लांब मुदतीचा आहे तो भारतीयांना मिळत नाही, त्या देशांच्या यादीत आपण नाही. एलटीआर म्हणजे लाँग-टर्म रेसिडेंट व्हिसा, त्याला सहसा वर्षाला 80,000 डॉलरचं उत्पन्न दाखवायचं. थायलंड प्रिव्हिलेज म्हणजे पैसे भरून घ्यायचा मेंबरशिपचा व्हिसा, त्याची गोल्ड मेंबरशिप 5 वर्षांना 9 लाख बाट, ते पैसे गेले ते गेले. जमत असेल त्यांनी बघावं.

ओ-ए भारतात बसूनच काढायचा. पोलीस क्लिअरन्स, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि 30 लाख बाटचा हेल्थ इन्शुरन्स. सत्तरीच्या पुढे असाल तर आधी पॉलिसी मिळतेय का ते विचारा, बाकीचे कागद नंतर. नॉन-ओ मध्ये आधी 90 दिवस मिळतात आणि मग तिथल्या इमिग्रेशनमध्ये 1900 बाट भरून एक वर्षाचं एक्स्टेन्शन, इन्शुरन्सची सक्ती नाही, म्हणून आम्ही तो घेतला. निर्णय चुकला नव्हता. चुकलं ते पुढचं.

ओ-ए वर पहिलं वर्ष कितीही वेळा बाहेर जा, परत या. माझ्या ओळखीतले एकजण तसेच जायचे-यायचे, मला वाटलं आपलंही तसंच. नाही! नॉन-ओ च्या एक्स्टेन्शनवर असताना री-एंट्री परमिट, म्हणजे परत यायची आधीच काढलेली परवानगी, न घेता थायलंडबाहेर पाऊल टाकलंत की ते एक्स्टेन्शन तिथेच संपलं, मग पासपोर्टवर तारीख काहीही असू दे. आणि ओ-ए वाल्यांनो, तुमच्या व्हिसाची मुदत संपली की तुम्हालाही परमिट लागतंच.

आमच्या पासपोर्टवर ऑगस्ट 2025 पर्यंतचा शिक्का होता. डिसेंबरात सुवर्णभूमीला, म्हणजे बँकॉकच्या विमानतळावर, परत उतरलो, काउंटरवरच्या बाईंनी शिक्क्याचं पान काढलं, पुढचं पान बघितलं, परत मागे आल्या, परत पुढे, आणि काही न बोलता टुरिस्टसारखा 60 दिवसांचा शिक्का मारला. मी बोट ठेवून ऑगस्टची तारीख दाखवली, त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि पासपोर्ट सरकवला. मागोमाग बायकोचाही तसाच, कारण ती माझी डिपेन्डंट.

परमिट मिळायला किती कष्ट? टीएम-8 फॉर्म, फोटो, एकदाच यायचं तर 1000 बाट, कितीही वेळा यायचं तर 3800. इमिग्रेशन ऑफिसात मिळतं, विसरलात तर सुवर्णभूमीवर देश सोडतानाही काउंटर आहे. सिंगल घेतलंत तर एका फेरीत संपतं, दुसऱ्या फेरीला नवीन. दर माणशी वेगळं, नवऱ्याचं काढलं म्हणजे बायकोचं होत नाही. वर्षाला चार फेऱ्या असतील तर सरळ मल्टिपल घ्या, एक्स्टेन्शन मिळतं त्याच दिवशी, त्याच ऑफिसात, घरी यायच्या आधी.

आता पैसे. स्वतःच्या एकट्याच्या नावावर थाई बँकेत 8 लाख बाट, किंवा महिना 65,000 बाट उत्पन्न. आपली पेन्शन तिथपर्यंत सहसा जात नाही, म्हणजे 8 लाखच. एक्स्टेन्शनच्या अर्जाआधी 2 महिने तेवढे हवेत, नंतर 3 महिने तसेच, मग 4 लाखांच्या खाली नाही. पैसे थायलंडबाहेरून आलेत याचा बँकेचा कागद जपा. रुपयात ही रक्कम 20 लाखांच्या वर जाते आणि एका आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वर पाठवलंत की वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे पाठवतानाच कापला जाणारा कर, रिटर्न भरल्यावर मिळतो पण तोवर अडकतो. म्हणून थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये पाठवा. मी 3 महिने झाल्यावर घरभाड्यासाठी पैसे काढले होते, साडेचार लाख उरले, आणि परमिट नव्हतं म्हणून सगळं पहिल्यापासून, म्हणजे खातं परत 8 लाखांवर न्या, तेही शिक्क्याचे 15 दिवस शिल्लक असतानाच अर्ज द्यायचा म्हणून घाईघाईत, त्याच वर्षात दुसऱ्यांदा पाठवल्यामुळे सगळ्यावर टीसीएस. ते दोन महिने झोप नव्हती. 1000 बाटच्या कागदापायी.

बायकोला तुमच्यावर डिपेन्डंट करायचं तर मॅरेज सर्टिफिकेट लागतं, तिच्या नावाने वेगळे 8 लाख लागत नाहीत. आमच्या वेळी पत्रिका आणि फोटो असायचे, नोंदणी कोण करायचं! ती नोंदणी भारतात असतानाच करून घ्या, परराष्ट्र खात्याचा आणि थाई वकिलातीचा शिक्काही इथेच.

घर बघताना, चियांग माईला जायचं असेल तर मार्चमध्ये राहून बघा, शेतं-जंगलं जाळल्याचा धूर असतो, दम्याच्या माणसाला झेपत नाही. आम्ही म्हणून समुद्रकाठच्या हुआ हिनला.

पोचल्यावर, घरमालकाकडून टीएम-30, म्हणजे तुम्ही त्याच्याकडे राहताय याची इमिग्रेशनला नोंद, दर 90 दिवसांनी पत्त्याचा रिपोर्ट. वर्षात 180 दिवस राहिलात तर थाई टॅक्स रेसिडेंट, 2024 पासूनची बाहेरची कमाई तिथे आणलीत तर कर, सीए ला विचारा. भारतातलं सिम ओटीपीसाठी चालू ठेवा. नोकरी-धंदा तिथे करायचा नाही.

हयातीच्या दाखल्याला नोव्हेंबरात यायचं असेल तर परमिट. दोघांचं.