ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण: सुरुवात कुठून करावी

प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमात एक गोष्ट शोधा: प्रात्यक्षिकाचे तास किती आणि कशाचे. माहिती आणि समाज, ग्रंथालयांचा इतिहास, व्यवस्थापन हे पेपर सगळीकडे असतात. फरक पडतो तो पुढच्या गोष्टींनी. वर्गीकरण (पुस्तकाला विषयाचा क्रमांक देणं) आणि तालिकीकरण (पुस्तकाची तालिकेत, म्हणजे कॅटलॉगमध्ये, नोंद करणं) मुलांकडून हाताने करून घेतात का? प्रयोगशाळेत कोहा (ग्रंथालय चालवण्याचं सॉफ्टवेअर) आणि डीस्पेस (डिजिटल संग्रहाचं सॉफ्टवेअर) खरोखर चालू असतात, की फक्त फळ्यावर शिकवले जातात? एखाद्या ग्रंथालयात काही आठवडे काम करायला पाठवतात का? अमेरिकेत किंवा कॅनडात नोकरी करायची असेल तर मान्यताही आधीच बघून ठेवा. तिथल्या व्यावसायिक पदांसाठी बहुतेक वेळा अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची मान्यता असलेली पदवी मागतात.

अर्जासोबतच्या निवेदनात ‘मला वाचनाची आवड आहे’ हे वाक्य नको. ते प्रत्येक अर्जात असतं. शालेय ग्रंथालय, अभिलेखागार, संशोधनाच्या डेटाची व्यवस्था, वैद्यकीय माहितीसेवा यांतलं नेमकं काय करायचंय आणि का, ते लिहा.

पहिल्या सत्रात मुलं मागे पडतात ती बहुधा वर्गीकरणात, कारण हा विषय वाचून येत नाही. विषयांना क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीची २३वी आवृत्ती चार खंडांत आहे: पहिल्यात कोष्टकं (मूळ क्रमांकाला जोडायचे अंक), दुसऱ्या-तिसऱ्यात मुख्य अनुसूची (विषयवार क्रमांकांची यादी) आणि चौथ्यात सापेक्ष निर्देशांक (शब्दांवरून क्रमांक शोधायची सूची). निर्देशांकात शब्द सापडला की तोच क्रमांक उतरवून मोकळं होणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. निर्देशांक फक्त दिशा दाखवतो. अनुसूचीत जाऊन वरचं शीर्षक, खालच्या सूचना आणि शेजारचे क्रमांक वाचल्याशिवाय क्रमांक पक्का करू नका.

शून्यांचा घोळ तर हमखास होतो. शब्दकोशासाठीचा प्रमाण उपविभाग, म्हणजे विषयाच्या क्रमांकापुढे जोडायचे ठरावीक अंक, ०३. पाककलेचा क्रमांक ६४१.५, म्हणून पाककलेच्या कोशाचा ६४१.५०३. हे सरळ आहे. आता गणिताचा कोश घ्या. गणित ५१०, म्हणून बरेच जण ५१०.०३ लिहितात. पण ५१० मधलं शेवटचं शून्य केवळ तीन अंक भरण्यासाठी आहे. खरा पाया ५१. त्याला ०३ जोडलं की ५१०.३ मिळतो, आणि तोच बरोबर. हा नियम पाठ करून अभियांत्रिकीकडे गेलात तर पुन्हा फसाल, कारण ६२०.१ पासूनचे क्रमांक तिथे वेगळ्या विषयांना दिलेले आहेत. त्यामुळे जादा शून्यं घ्यावी लागतात आणि कोशाचा क्रमांक ६२०.००३ होतो. किती शून्यं घ्यायची ते अनुसूचीतली सूचनाच सांगते, अंदाज नाही. रोज दहा शीर्षकं घ्या, क्रमांक बनवा आणि मगच एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत पडताळा. आधी उत्तर बघितलंत तर सराव वाया गेला. दोन तालिकांत वेगळे क्रमांक दिसले तर गोंधळू नका. पुस्तक दोन विषयांत पाय ठेवून असेल तर असं होतं, आणि तुमच्या निवडीचं कारण एका ओळीत लिहिता यायला हवं.

तालिकीकरणात मार्क २१ (संगणकातल्या ग्रंथनोंदीची ठरलेली रचना) चे मोजकेच टॅग, म्हणजे नोंदीतल्या रकान्यांचे क्रमांक, आधी हाताखालून जाऊ द्या: ०२० आयएसबीएन, १०० लेखक, २४५ शीर्षक, २६४ प्रकाशन, ३०० पृष्ठं व आकार, ६५० विषयशीर्षक. त्यात २४५ चा दुसरा निर्देशक, म्हणजे शीर्षक क्रमाने लावताना सुरुवातीच्या किती जागा सोडायच्या ते सांगणारा अंक, नीट समजून घ्या. इंग्रजी शीर्षक ‘द’ने सुरू होत असेल तर तिथे ४ येतो: तीन अक्षरं आणि पुढची मोकळी जागा. ती जागा मोजायला विसरून ३ टाकणारे पुष्कळ. ० ठेवला तर हा निर्देशक पाळणाऱ्या तालिकेत ते पुस्तक ‘टी’खाली जाऊन बसतं. मराठी शीर्षकाला ही कटकट नाही, ० ठेवा.

माहिती पुनर्प्राप्तीतली (साठ्यातून हवी ती माहिती शोधून काढण्यातली) परिशुद्धता (प्रिसिजन) आणि प्रत्याह्वान (रिकॉल) ही जोडगोळी परीक्षेत उलटसुलट होते. आकड्यांनी लक्षात ठेवा. शोधात ४० नोंदी आल्या आणि त्यांतल्या १० कामाच्या निघाल्या, तर परिशुद्धता २५ टक्के. त्या संग्रहात कामाच्या नोंदी एकूण ५० होत्या, म्हणजे प्रत्याह्वान २० टक्के. ‘ऑर’ने समानार्थी शब्द जोडले की दुसरा आकडा सहसा वाढतो आणि पहिला घसरतो.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे १९३१ चे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पाठ व्हायला पाच मिनिटं पुरतात, पण उत्तरात ते नुसते मांडून गुण मिळत नाहीत. वाचकाचा वेळ वाचवा हा चौथा नियम घ्या आणि देवघेवीच्या टेबलापासून शोधपेटीपर्यंत तो कुठे मोडतो ते दाखवा.

झोटेरो हे संदर्भ जमवून ठेवणारं सॉफ्टवेअर पहिल्याच आठवड्यात बसवा. मात्र पीडीएफमधून आपोआप आलेली नोंद तशीच ठेवू नका; नाव आणि आडनाव उलटं येणं, वर्ष गायब असणं हे सर्रास घडतं, आणि प्रबंधाच्या शेवटच्या रात्री दोनशे नोंदी दुरुस्त होत नाहीत.

प्रत्यक्ष कामासाठी ग्रंथालयात पाठवलं की तिथे शिक्के मारणं आणि पुस्तकं लावणं वाट्याला येतंच. ते करा, पण तालिकीकरण आणि संदर्भसेवा या दोन्हींचे ठरावीक तास पहिल्याच दिवशी मागून घ्या.

प्रबंधाचा विषयही लवकर शोधा. ‘अमुक ग्रंथालयातील वाचकांचं समाधान’ हा विषय इतका घासलेला आहे की तो टाळलेलाच बरा. शिवाय प्रश्नावल्या भरून परत मिळवण्यातच महिने जातात. त्यापेक्षा प्रणालीत आधीच असलेला डेटा बघा: देवघेवीच्या नोंदी, तालिकेतल्या दुहेरी नोंदी, ज्या शोधांना शून्य उत्तरं आली ते शोध. परवानगी लेखी घ्या, आणि डेटा तुमच्या हाती येण्याआधीच वाचकांची नावं व सदस्य क्रमांक त्यातून वगळायला ग्रंथालयाला सांगा.