आर्किटेक्टच्या ऑफिसात कपात झाल्यावर: या चुका टाळा

महापालिकेच्या बांधकाम परवानगीच्या पोर्टलवर लॉगिन करायला बसलो, आणि ओटीपी गेला तो तीन आठवड्यांपूर्वी आम्ही जिला निरोप दिला होता त्या मुलीच्या मोबाईलवर. जोते तपासणीचा (पाया वर आल्यावर होणाऱ्या तपासणीचा) अर्ज त्याच दिवशी भरायचा होता, साईटवर कंत्राटदार खोळंबला होता. शेवटी मी तिला फोन केला. तिने ओटीपी सांगितला, "सर, नंबर तेवढा बदलून घ्या," म्हणाली आणि फोन ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

पुण्यात आमचं बावीस जणांचं ऑफिस होतं. रीडेव्हलपमेंटची दोन मोठी कामं अडकली, बिलं थकली आणि नऊ जणांना जावं लागलं. कपात करावी की करू नये हा वेगळा विषय, त्यावर मी इथे बोलत नाही. ज्यांच्या ऑफिसात ती होऊन गेली आहे किंवा येत्या महिन्यात अटळ आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कोण जाणार याची यादी आम्ही पंधरा दिवस बसून केली. जाणाऱ्याच्या हातातलं काय कोणाच्या हातात जाणार, ही यादी केलीच नाही. पुढचा बहुतेक त्रास त्यातून निघाला.

पगार मोजले, तास मोजले नाहीत

नऊ पगार वाचले हे एक्सेलमध्ये लगेच दिसलं. काम मात्र तेवढंच राहिलं, कारण एकाही क्लायंटला दिलेली तारीख आम्ही बदलली नव्हती. दुसऱ्या महिन्यात रोज रात्री दहापर्यंत दिवे चालू राहायला लागले तेव्हा कागद घेऊन बसलो. तेरा जण, महिन्याचे २४ दिवस, रोजचे ८ तास, म्हणजे २,४९६ तास. त्यातून रजा, मीटिंगा, साईटवर जाणं-येणं, महापालिकेतल्या फेऱ्या वजा करायच्या. आमच्याकडे यात साधारण ३० टक्के जातात. उरले १,७५० च्या आसपास. हातातल्या सात कामांना त्या महिन्यात लागणार होते सुमारे २,६००.

हे साडेआठशे तास कोणाच्या मेहनतीने भरून निघणारे नव्हते. दोन कामांच्या तारखा आम्ही सहा आठवडे पुढे नेल्या, एका बंगल्याच्या इंटिरिअरची वर्किंग ड्रॉइंग बाहेर दिली आणि एका स्पर्धेचं काम सोडून दिलं. स्पर्धा सोडताना वाईट वाटलं, ती कल्पना चांगली होती. पण हाच हिशेब कपातीच्या आठवड्यात केला असता तर दोन महिने सगळ्यांचे हाल झाले नसते.

साईटवर कुठलं ड्रॉइंग लागलंय?

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण इथे चूक झाली तर ती काँक्रीटमध्ये जाते.

बाणेरच्या एका साईटवर चौथ्या मजल्याच्या टॉयलेटची डक्ट (पाइपांसाठीची उभी पोकळी) आर-३ मध्ये, म्हणजे ड्रॉइंगच्या तिसऱ्या रिव्हिजनमध्ये, ४५० मिलिमीटर सरकली होती. आर-३ ईमेलने वेळेवर गेलं होतं. पण साईट ऑफिसच्या भिंतीवर आर-२ च होतं. आमच्याकडचा एक जण नवं ड्रॉइंग निघालं की स्वतः साईटवर जायचा, जुन्या प्रिंटवर लाल पेनाने आडवं 'रद्द' लिहायचा, नवी प्रिंट लावायचा आणि सुपरवायझरची सही रजिस्टरवर घ्यायचा. हे काम त्याला कोणी दिलेलं नव्हतं आणि कुठल्या यादीत लिहिलेलंही नव्हतं. तो गेला आणि त्याच्याबरोबर ते कामही गेलं. आमच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

स्लॅब टाकायच्या आदल्या संध्याकाळी चेकिंगला गेलेल्या ज्युनिअर मुलाने शटरिंगवर डक्टची चौकट पाहिली आणि टेप लावली. सुपरवायझर म्हणाला, "साहेब, आमच्याकडे तर हेच आहे," आणि त्याने आर-२ दाखवलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. रात्री साडेअकरापर्यंत सळई सोडून पुन्हा बांधली गेली. त्या मुलाने टेप लावली नसती तर पुढे कोअर कटिंग (झालेल्या काँक्रीटला मशीनने भोक पाडणं), आरसीसी कन्सल्टंटची म्हणजे स्ट्रक्चरच्या इंजिनिअरची मनधरणी आणि खर्च कोणाचा यावर महिनाभर पत्रापत्री.

तेव्हा कपात झाल्यावर पहिल्याच आठवड्यात भागीदाराने स्वतः प्रत्येक साईटवर जावं. ज्युनिअरला पाठवू नये. बरोबर एक कागद असावा: शेवटी दिलेलं ड्रॉइंग कोणतं, रिव्हिजन किती, तारीख काय, कोणी घेतलं. भिंतीवर लावलेल्या प्रत्येक प्रिंटशी तो ताडून पाहावा. मग सुपरवायझरला विचारावं, "आमच्याकडून कोणी तोंडी काय काय सांगितलंय?" आमच्या एका साईटवर या प्रश्नाला अकरा उत्तरं मिळाली. खिडकीच्या सिलची उंची, पार्किंगमधला एक उतार, लॉबीच्या ग्रॅनाइटचा रंग. यातलं एकही ड्रॉइंगवर नव्हतं. जाणाऱ्याच्या फोनमधल्या व्हॉट्सॲपवर मात्र सगळं होतं.

फोनवरून आठवलं. जाणाऱ्याचा खासगी फोन मागू नका, तो त्याचा आहे. साईटच्या ग्रुपमध्ये ऑफिसचा दुसरा कोणी सभासद आणि ॲडमिन असल्याची खात्री आधी करा आणि चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. ठेकेदाराशी झालेल्या वैयक्तिक बोलण्यातले निर्णय त्याच्याशेजारी बसून उतरवून घ्या. दोन तास लागतात. ते दोन तास पगारी असावेत आणि ज्या दिवशी बातमी दिली त्याच दिवशी मागू नयेत. आम्ही तसेच मागितले होते. समोरचा माणूस रडवेला झालेला असताना त्याला ग्रॅनाइटचा रंग विचारणं बरोबर नव्हतं.

फाइल उघडते, पण बदल होत नाही

रेव्हिट या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सेंट्रल फाइलवर, म्हणजे सगळ्यांच्या एकाच सामायिक फाइलवर, काम करणाऱ्या ऑफिसात हे हमखास होतं. भिंत हलवायला गेलं की मेसेज येतो, हा एलिमेंट अमुक युजरकडे आहे. तो युजर आता ऑफिसात नाही. त्याने शेवटच्या दिवशी सिंक करताना (आपले बदल सेंट्रलमध्ये चढवताना) आपल्याकडचं सगळं सोडलेलं नसतं. जाण्याआधी प्रत्येकाला सिंक करून सगळं रिलिंक्विश करायला, म्हणजे ताबा सोडायला, सांगा आणि दुसऱ्या मशीनवरून तपासून घ्या. माणूस आधीच गेला असेल तर जुन्या सेंट्रलची प्रत बाजूला ठेवा, फाइल डिटॅच करून (जुन्या सेंट्रलपासून तोडून) नवी सेंट्रल तयार करा आणि सगळ्यांना त्याच दिवशी नवीन लोकल (आपल्या मशीनवरची प्रत) घ्यायला लावा. एक जण जरी जुन्या लोकलवर काम करत राहिला तरी त्याचं दिवसभराचं काम वाया जातं.

ऑटोकॅडमधलं दुखणं वेगळं. एक्सरेफचा (ड्रॉइंगला जोडलेल्या दुसऱ्या फाइलचा) पाथ गेलेल्या माणसाच्या डेस्कटॉपकडे जात असतो आणि कॉम्प्युटर फॉरमॅट झालेला असतो. म्हणून निदान महिनाभर कोणाचंही मशीन फॉरमॅट करू नका. ईमेल खातंही बंद करू नका, येणारं पत्र दुसऱ्याकडे वळवा. ओटीपी जाणारे नंबर, सॉफ्टवेअरचे ॲडमिन, महापालिकेचं आणि महारेराचं (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं) लॉगिन, डिजिटल सहीचं टोकन कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहे, हे सगळं एका बैठकीत तपासता येतं. आमचा ओटीपीचा नंबर बदलायला चार मिनिटं लागली.

सही करताना घाई

रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्यानुसार खरेदीदारांकडून येणाऱ्या पैशांपैकी ७० टक्के बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि त्यातून रक्कम काढायला इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि चार्टर्ड अकाउंटंट यांची प्रमाणपत्रं लागतात. माणसं कमी झाल्यावर बिल्डरचा फोन येतो, "काम किती झालंय तुम्हाला माहितीच आहे, टक्केवारी टाकून पाठवून द्या." साईटवर जायला कोणी नसतं आणि सही करायचा मोह होतो. करू नका. प्रत्यक्ष न पाहता दिलेल्या टक्केवारीवर नाव तुमचं असतं आणि पलीकडे कोणाच्या तरी घराचे पैसे असतात. दोन दिवस उशीर झाला तर बिल्डर चिडेल, तेवढं सोसावं.

मंजूर नकाशांवर ज्याची सही आहे तो आर्किटेक्टच गेला असेल, तर क्लायंटला आणि महापालिकेला लेखी कळवून आर्किटेक्ट बदलाची प्रक्रिया लगेच सुरू करा. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी बघू म्हणून ते ठेवून देऊ नका.

"काही फरक पडणार नाही"

हे वाक्य आम्ही तीन क्लायंटना सांगितलं. त्यातल्या एकाला खरी परिस्थिती कंत्राटदाराकडून कळली आणि तो दोन महिने आमच्या प्रत्येक शब्दाकडे संशयाने बघत राहिला. नंतर उरलेल्या सगळ्यांना मी स्वतः भेटलो. सांगितलं ते एवढंच: आम्ही आता तेरा जण आहोत, तुमचं काम या व्यक्तीकडे आहे, तिचा नंबर हा, आणि अमुक ड्रॉइंगची तारीख १५ ऐवजी ३० आहे. एक जण रागावला. बाकीच्यांनी तारीख डायरीत लिहून घेतली. एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकूंनी तर, गेलेल्या मुलांना कुठे लागली का नोकरी, हे आधी विचारलं.

गेलेल्यांचे कागद

ऑफिस मॅनेजरची जागाही कपातीत गेली तर हे कोणीच करत नाही, म्हणून लिहितो. नव्या वेतन संहितेत पगाराचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायची तरतूद आहे. पाच वर्षं पूर्ण झालेल्यांची ग्रॅच्युइटी दरवर्षी पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे निघते, ती वेगळी. बावीसवरून तेरावर आलो, वीसच्या खाली गेलो, आता पीएफ सुटला, असा आमचा समज होता. तो चुकीचा निघाला. एकदा लागू झालेला पीएफ माणसं कमी झाली तरी लागूच राहतो.

आणि एक बारीक गोष्ट. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख मालकाने भरायची असते. ती भरली नाही तर त्या माणसाचे पैसे अडकतात, कारण स्वतः तारीख टाकायला त्याला दोन महिने थांबावं लागतं. हातात पगार नसताना दोन महिने फार असतात. अनुभवाचं पत्रही त्याच आठवड्यात द्या आणि त्यात त्याने केलेली कामं नावानिशी लिहा. पोर्टफोलिओत कोणती ड्रॉइंग लावायची हे क्लायंटला विचारून तुम्हीच कळवा.

उरलेले तेरा जण

पहिल्या सोमवारी मी म्हणालो, "आता आणखी कोणाला काढणार नाही." हे वचन द्यायचा मला अधिकार नव्हता, कारण थकलेली बिलं माझ्या हातात नव्हती. तिसऱ्या महिन्यात दोन चांगली मुलं स्वतःहून सोडून गेली आणि आमचा तेराचा हिशेब अकरावर आला. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बँकेत किती महिन्यांचे पगार आहेत तो आकडा मी सगळ्यांना सांगतो. पहिल्यांदा सांगितला तेव्हा तो साडेतीन होता. खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही, पण त्या महिन्यात कोणी गेलं नाही.

रिकाम्या खुर्च्यांवर ट्रेनी आणून बसवणं ही आणखी एक चूक. बी.आर्क.चा विद्यार्थी प्रशिक्षणाला शिकायला येतो. त्याला शिकवायला ज्यांच्याकडे वेळ हवा, तेच तर आता दुप्पट काम करत असतात.

मिळेल ते काम घेणं

घाबरून आम्ही निम्म्या फीमध्ये एक मोठं इंटिरिअर घेतलं. त्याने चार महिने तीन माणसं अडकवली आणि त्यांचे पगारही निघाले नाहीत. त्याऐवजी झालेल्या कामाचे पैसे आधी मागायला हवे होते. उद्यम या सरकारी पोर्टलवर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत असं अशा उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत समोरच्याला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बिल्डरच्या अकाउंटंटला याची आठवण करून देणारं साधं, सभ्य पत्र पाठवा. आम्ही पाच जणांना पाठवलं आणि तिघांकडून वर्षअखेरीच्या आत पैसे आले. त्यातल्या एका रकमेतून आधी दोघांची राहिलेली ग्रॅच्युइटी दिली.